नीरुअण्णांची ओली पट्टी

नीरुअण्णा लग्नाला आले की उठताना खुर्चीत डबकं ठेवून जातात. बारा महिने त्यांच्या शर्टाच्या आत, पोटाला ओल्या मांजरपाटाची पट्टी असते, वरून पिन. डाग पडतो, थेंब गळतात, पोरं हसतात. ते म्हणतात, "हसू द्या. पोट साफ होईना की येतील माझ्याकडेच."

कन्नडात पाण्याला नीरु म्हणतात, म्हणून चामराजपेटच्या आमच्या गल्लीत ते नीरुअण्णा. येलहंक्याला रेल्वेत होते. बायको गेली, तिथलं घर सोडलं आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. मी टेलर. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलो, मराठी घरी बोलतो तेवढीच. जसं बोलतो तसं लिहितोय.

या गावात नळाला दिवसाआड पाणी. उन्हाळ्यात बोअर आटतो आणि टँकरपुढं भांडणं लागतात. अशा गावात पाण्याचा वैद्य व्हायचं यांनाच सुचलं. डोकं दुखतंय, पाय गरम पाण्यात, डोक्यावर ओला फडका. पोट बिघडलंय, कटिस्नान, म्हणजे टबात कमरेइतक्या पाण्यात बसायचं, पाय बाहेर. नळाला येणारं कावेरीचं पाणी पोटाला, बोअरचं पायाला. एकदा समोरच्या घरातला माणूस अंगाला साबण लावून बसला आणि नळ गेला. तसाच टॉवेल गुंडाळून यांच्याकडे बादली मागायला आला. यांनी आधी विचारलं, "रोग काय?"

उपचार करता करता त्यांच्या पुस्तकातली गोष्ट सांगायचे, दरवेळी तीच. लांब युरोपात एक शेतकरी होता. त्यानं पाहिलं, एक जखमी हरीण रोज येऊन झऱ्यात पाय बुडवून उभं राहतं. पुढं त्याच्या स्वतःच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा त्याला हरीण आठवलं. ओल्या पट्ट्या बांधल्या, बरा झाला. मग लोक त्याच्याकडे यायला लागले. नंतर क्षयानं खंगलेला एक पाद्री थंड नदीत उड्या मारून बरा झाला, त्यानंही लोकांना पाण्यात बसवलं. गोष्ट संपली की यांची मान ताठ, जणू ती नदी यांनीच खणली.

माझ्या बायकोची, रुक्मिणीची, मूत्रपिंडं गेली. डॉक्टरीणबाईंनी पाणी तोडलं, दिवसाला दोन पेले, जास्त नाही. मी नीरुअण्णांना टोमणा मारला, आता तुमचं दुकान बंद. मला वाटलं, भांडतील. ते खाली बघत म्हणाले, "नाही म्हणाल्यात ना, मग नाही." आणि घरात गेले.

दुसऱ्या संध्याकाळी बादली घेऊन दारात. दवाखान्यात जाऊन स्वतः विचारून आले होते, कोमट पाण्यात पाय चालतील. रुक्मिणीचे पाय सुजून उशीसारखे झालेले. पण परका माणूस बाईच्या पायाला हात लावणार कसा? ते मला म्हणाले, तुम्ही करा. रुक्मिणीनं पाय आत ओढले. नवऱ्यानं पायाला हात लावला तर मला पाप, म्हणाली. खरं सांगतो, मलाही लाजच वाटत होती.

नीरुअण्णा उंबऱ्याबाहेर गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि तिकडूनच मला म्हणाले. "शंकरण्णा, पायाला लावू नका. पाण्याला हात लावा. पाणी हलवत राहा, बाकीचं पाणी बघेल. अक्का, आता पाप कुणाला?"

रुक्मिणी हसली. महिन्यानंतर हसली. पाय बादलीत सोडले.

मग रोज तेच. ते बाहेर पाठ करून, "स्वल्प गरम घाला", "सरी, ठीक आहे, पुरे", असं अर्धं कन्नडात सांगत. मी आत पाणी हलवत. एकदा तिनं विचारलं, "अण्णा, शेतकरी बरा झाला, पाद्री बरा झाला. हरणाचं काय झालं?"

 इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. पुस्तकात बघतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दारातूनच सांगितलं, "बरं झालं, अक्का. पानावर लिहिलंय. उड्या मारत गेलं." रोज पाय पाण्यात गेले की ती म्हणायची, हरणाचं सांगा. ते सांगायचे. उड्या रोज थोड्या उंच व्हायच्या.

मला मात्र ती एकच सांगायची. अण्णांच्या पोटाला पिन टोचते, त्या पट्टीला दोन नाड्या लावून द्या. मी म्हणायचो, लावतो. दहा मिनिटांचं काम. लावल्या नाहीत.

ती गेली. तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. म्हटलं, तुमचं हरीण बरं झालं, माझं माणूस नाही झालं. दाखवा ते पान.

त्यांनी पुस्तक पुढं केलं. जाड, कन्नड, पानं भिजून फुगलेली. मी अक्षर अक्षर लावत वाचलं. हरीण झऱ्यात उभं राहिलं, एवढंच होतं. पुढं हरीण नाही.

"मीच सांगितलं," ते म्हणाले.

"आजारी बाईला खोटं?"

त्यांनी पुस्तक परत घेऊन मिटलं. मग म्हणाले, "माझी बायको दवाखान्यात पाणी मागत होती. डॉक्टर देऊ नका म्हणाले. मी नियमाचा माणूस, नाही दिलं. मागत मागत गेली. अक्कानं पाणी नाही मागितलं. हरीण मागितलं. ते माझ्या हातात होतं."

 मी खाली पाहिलं तर त्यांचा शर्ट कोरडा होता. पट्टी दोरीवर कडक वाळलेली. रुक्मिणी गेली त्या दिवसापासून बांधली नव्हती.

मी ती पट्टी घेऊन घरी आलो. मशीनवर बसलो. दोन नाड्या लावल्या, दुहेरी टीप घातली. नेऊन भिजवली आणि त्यांच्या पोटाला बांधली. त्यांनी हात वर धरले होते, लहान मुलासारखे.

मला बरं वाटलं असं नाही. नाड्या तेवढ्या पक्क्या बसल्या.