हेन्रिकच्या खुर्चीचे पुढचे पाय

हेन्रिकच्या डॅनिश खुर्चीचे पुढचे पाय शेवटी दोन इंचांनी कमी झाले. पण ते राहू दे. तसं काही झालंच नाही असं धरून आपण बुधवारपासून सुरुवात करू.

बुधवारी ती खुर्ची कुवेतमधल्या फिंतासला, सलीलच्या हॉलमध्ये, चांगली धडधाकट होती. हेन्रिक म्हणजे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला सलीलचा साहेब. घराला रंग काढायचा म्हणून त्याने ती दहा दिवसांसाठी सलीलकडे ठेवली होती.

"माझ्या आजोबांनी १९५६ साली स्वतःच्या हातांनी केलीय," असं त्याने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं होतं.

"निर्धास्त राहा, सर!" सलील म्हणाला होता. "आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटचंही प्लास्टिक अजून निघालेलं नाही!"

शुक्रवारी सलीलच्या बायकोचं, उल्काचं, डोहाळजेवण होतं. फुलांनी सजवून तिला याच खुर्चीत बसवायचं ठरलं. त्यासाठी खास नाशिकहून तिचे वडील बाळासाहेब आले होते. आयटीआयमध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस. खुर्चीभोवती त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या.

"सलीलराव, खिळा नाही हो एकही! सांध्यात केस शिरणार नाही!"

"डॅनिश परंपरा आहे, बाबा. बैठक बघा, कागदाच्या दोरीची. हाताने विणलेली."

"कागदाची?" म्हणत बाळासाहेब बसले आणि मागे गेले. गुडघे कानांच्या रांगेत आले. तिथेच चहा झाला, कुवेतच्या उकाड्यावर बोलून झालं, आणि मग त्यांना उठता येईना! सलीलने ओढून पाहिलं. उल्का पुढे झाली, तर दोघेही "तू नको!" म्हणून ओरडले. अखेर इमारतीची राखण करणाऱ्या जहीरला वर बोलावलं. त्याने बाळासाहेबांना विहिरीतून काढावं तसं काढलं.

"पुढून उंच आहे ही," बाळासाहेब म्हणाले.

"आरामासाठी मुद्दाम मागे कललेली असते, बाबा!"

"मग उठायचं कसं?"

"उठायचं नसतंच!"

"आणि परवा वीस बायकांच्या देखत माझी लेक त्यात अडकली तर?"

सलील डॅनिश परंपरेसह चहाचे कप उचलून आत गेला.

गुरुवारी सलील ड्यूटीवरून आला, तर खुर्ची मुंजीतल्या बटूसारखी ताठ! शेजारी बाळासाहेब, एका हातात बुडबुड्याची पाणसळ, दुसऱ्या हातात जहीरची करवत.

"कारागीर उत्तमच हो! फक्त पुढचे पाय मोजताना चुकला. सत्तर वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही!"

"बाबा! तुकडे कुठायत? चिकटवू आपण!"

बाळासाहेबांनी बशी पुढे केली. बशीत कॅरमच्या सोंगट्यांएवढ्या अकरा चकत्या होत्या.

"अकरा?"

"तुमच्या फरशीलाच उतार आहे. एक पाय कापला की दुसरा उंच दिसायचा. पण आता बघा, बुडबुडा बरोबर मध्ये!"

शुक्रवारी उल्का हिरव्या साडीत त्या खुर्चीत बसली, ओटी भरून घेतली आणि कुणाचाही हात न धरता टुणकन उठली. बाळासाहेबांचे डोळे भरून आले. सलीलचेही भरून आले, पण वेगळ्या कारणाने. नुकताच हेन्रिकचा फोन येऊन गेला होता. "रंग वाळला! रविवारी खुर्ची न्यायला येतो. माझी आई आलीय डेन्मार्कहून. तिला आपल्या वडिलांच्या खुर्चीत बसायचंय."

"संपलो मी!" सलील सोफ्यावर कोसळला. "या वर्षीचा माझ्या कामाचा अहवाल तोच लिहिणार आहे, बाबा!"

"घाबरता काय असे?" बाळासाहेब म्हणाले. "बैठक कललेली हवी ना त्यांना? मग खुर्चीनेच कललं पाहिजे असं कुठंय? घ्या कागद."

आणि त्यांनी खणखणीत आवाजात मजकूर सांगितला:

"प्रति, मा. इमारतमालक. विषय: फरशी उचलून मिळणेबाबत. महोदय, आपले भाडेकरू श्री. हेन्रिक यांच्या हॉलची फरशी, खुर्चीचे तोंड ज्या दिशेस असेल त्या दिशेने, दोन इंच वर उचलून देण्यात यावी. सदर काम रविवारी सकाळी दहापूर्वी पूर्ण व्हावे, ही नम्र विनंती. कळावे."