यंत्रास गवत लागू देऊ नये

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता, महाडमधल्या आमच्या वसाहतीच्या उद्यानात, गवत कापण्याच्या यंत्राच्या पोटाखाली रुपयाएवढा गंज आढळून आला. आढळून आला म्हणजे हैबतीला आढळला. हैबती उमरठहून रोज एसटीने येतो आणि आठ वर्षं उद्यानाचा रोजंदारीवरचा माळी आहे. यंत्र आडवं करून खाली चिकटलेलं ओलं गवत खरवडताना त्याला तो तांबूस डाग दिसला आणि त्याने तो प्रामाणिकपणे उद्यान समितीला कळवला. आठ वर्षांतली ही त्याची पहिली चूक.

"काय नाय साहेब, विटेच्या तुकड्यानं घासतो, गॅरेजातलं जळकं ऑइल मारतो. धा मिन्टाचं काम हाय," तो म्हणाला.

समितीचे अध्यक्ष बाळासाहेब यांनी चष्मा काढला. "हैबती, यंत्र देणगीतून आलंय. त्याला जळकं ऑइल?" गणपतीपुढे शिळा भात ठेवायचं सुचवावं, तसा त्यांचा आवाज झाला होता.

प्रश्न नुसता गंजाचा नव्हता. मार्चच्या तपासणीत यंत्र गंजविरहित आढळल्यास हैबतीस कायमस्वरूपी यंत्रचालक नेमावे, असा ठराव गेल्याच सभेत झाला होता. तो मीच मांडला होता. त्यातला 'कायमस्वरूपी' हा शब्द हैबतीच्या बायकोने, रखमाने, एव्हाना अर्ध्या उमरठला ऐकवला होता.

तज्ज्ञ म्हणून बाळासाहेबांचा भाचा रुचिर याला पाचारण करण्यात आलं. तो एका रंगाच्या कारखान्यात आहे. पात्यांवरच्या ज्या पत्र्याच्या झाकणाला हैबती बूड म्हणतो, त्याला डेक म्हणतात, हे आम्हाला त्याच्याकडून कळलं. डेक आधी पत्रा उघडा पडेपर्यंत घासायचा, मग जस्ताचा प्रायमर, वर इपॉक्सीचे दोन हात. अट एकच. हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत हवी. रुचिरने खिशातून आर्द्रता मोजायचं यंत्र काढलं. त्यात शहाण्णव आकडा दिसला आणि मग त्याच्या काचेवरच आतून वाफ धरल्यामुळे काहीच दिसेना.

"दिवाळीनंतरच होईल," रुचिर म्हणाला. "तोवर डेकला गवत लागता कामा नये. गंजाचं मूळ तेच आहे."

सचिव अनुपमाबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी तिथल्या तिथे सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला : 'यंत्रास गवत लागू देऊ नये.' एकमताने मंजूर. अनुमोदन माझं.

आठ दिवसांत गवत गुडघ्याला आलं. हैबती घरून विळा घेऊन आला. बाळासाहेबांनी त्याला फाटकातच अडवलं.

"विळ्याने कापलंस, तर उद्या लोक विचारतील, मग यंत्रचालक हवाय कशाला? तुझ्याच भल्याचं सांगतोय."

हैबतीने विळा पिशवीत ठेवला. गौरी-गणपतीपर्यंत गवत कमरेला लागलं. घसरगुंडीची फक्त वरची पायरी दिसत होती. दोनदा फुरसं निघालं. समितीने तातडीची बैठक घेऊन फाटकावर पाटी लावली : 'उद्यान सुस्थितीत आहे. आत जाऊ नये.'

दिवाळीनंतर काम झालं आणि झालं ते खरोखरच देखणं. उलट्या यंत्राच्या बुडात बघून अनुपमाबाईंनी केस नीट केले, इतकं ते चकाकत होतं. रुचिरने दहा वर्षांची हमी लिहून दिली. मागच्या पानावर अटी होत्या. ओलं गवत, सुकं गवत, खडे, माती आणि दव यांच्याशी संपर्क आल्यास हमी संपुष्टात येईल.

मागचं पान हैबतीला कोणी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हौसेने यंत्र सुरू केलं. पाचव्या मिनिटाला खडा उडाला, आणि बुडाला बोटभर ओरखडा पडला. दुपारी त्याला नोटीस मिळाली : 'आपण कोटिंग केलेल्या यंत्राखाली गवत आणल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा.'

हैबती सभेपुढे उभा राहिला. "साहेब, गवत मी नाय आनलं. ते थितंच व्हतं."

"ते आम्हालाही दिसतं," बाळासाहेब म्हणाले. "यंत्र तू नेलंस ना तिकडे?"

"मग कुटं न्यायचं व्हतं? आवो, आमची रखमा चुलीवर टोप चढवायच्या आधी बुडाला राखेचा लेप देते. जेवनं झाली का घासून काढते. दुसऱ्या दिशी परत देते. लेप जाईल म्हनून भात शिजवायचा नाय, असं कोन करतं का?"

माझ्या मनात काहीतरी हललं, पण मी ते इतिवृत्तात नोंदवलं जाईल या भीतीने दाबलं.

"भांड्यांचा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही," अनुपमाबाई म्हणाल्या.

ओरखड्यावर पुन्हा हात मारण्यात आला आणि हैबतीला अखेरची ताकीद मिळाली. मग रुचिरने नवी शंका काढली. यंत्र वापरलं नाही, तरी ते गवताच्या शेजारी उभं आहे. गवतात ओल असते. ओल हवेत येते. यावर बाळासाहेबांनी जो उपाय काढला, त्याला समितीच्या इतिहासात तोड नाही. संपूर्ण हिरवळ खणून काढण्यात आली आणि फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. मधोमध चौथरा, चौथऱ्यावर यंत्र, यंत्रावर काचेची पेटी.

मार्चमध्ये तपासणी झाली. बाहेरून आलेल्या तपासनिसांनी हातमोजे घातले, यंत्राखाली आरसा धरला, बॅटरी मारली. एक ठिपका नाही. त्यांनी 'गंजविरहित' असा शेरा मारला, दाखला दिला आणि एवढी चांगली निगा आपण इतरत्र कुठेही पाहिली नसल्याचं चहा पिता पिता सांगितलं.

हैबतीच्या हाती कायम नेमणुकीचं पत्र पडलं. पदनाम : यंत्रचालक. कर्तव्ये : रोज सकाळी मऊ फडक्याने पेटी पुसणे.

"साहेब, आता एकदा चालवून बघू?"

"वेडा आहेस का?" बाळासाहेब म्हणाले. "आता तर दाखला मिळालाय!"

संध्याकाळी हैबती पेढे घेऊन माझ्याकडे आला. ठराव माझा होता, म्हणून पहिलं घर माझं. मी त्याला बसायला सांगितलं. तो सोफ्यावर टेकला तसं सोफ्यावरचं प्लास्टिक कर्रकन वाजलं, आणि तो दचकून उठला.

"बस रे. ते सोफ्याला डाग पडू नये म्हणून."

तो कडेला बसला. हिने स्टीलच्या पेल्यातून चहा आणला. हैबतीचं लक्ष मात्र काचेच्या कपाटाकडे होतं. तिथे निळ्या फुलांचे सहा कप आमच्या लग्नापासून एकमेकांवर उपडे आहेत.

"ते कप झ्याक हायेत."

"पाहुण्यांसाठी आहेत," मी म्हणालो.

हैबतीने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. मग प्लास्टिककडे, मग पिशवीत गुंडाळलेल्या टीव्हीच्या रिमोटकडे. यंत्रचालक झाल्यापासून त्याची नजर जरा तपासनिसासारखी झाली होती.

"भाऊ," त्याने हळूच विचारलं, "तुमच्या घरात बी समिती हाय का?"

तुम्हाला हसू आलं असेल. हरकत नाही. फक्त तुमचा मोबाईल हातात घ्या. दुकानात अर्धा तास घालवून, घरच्यांशी वाद घालून तुम्ही त्याचा रंग निवडला होता. कव्हर न काढता सांगा, कोणता?