स्मशानं वाचणारे अप्पा

आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. त्यातून आमचे अप्पा, मन्मथप्पा, म्हणजे एकेक शब्द तपासून घेणारे. चुकलं तर तेच सांगतील, एवढ्या भरवशावर लिहितो.

नवा माणूस भेटला की अप्पा त्याचं नाव विचारत नसत, आज्याचं विचारत. कॉलेजसाठी मी लातुरात खोली घेतली, तेव्हा शेजारच्या खोलीतून बाहेर येऊन त्यांनी मला पहिला प्रश्न हाच केला. मी आज्याचं नाव सांगितलं. मग त्यांनी पणज्याचं विचारलं. ते मला येईना.

"नोंद न्हाई म्हणा की," असं म्हणून ते आत गेले. मी नापास झाल्यासारखा उभा राहिलो.

ते कचेरीत जुन्या कागदांच्या नकला करून देणारे कारकून. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही. शाळा निजामाच्या काळातली, म्हणून उर्दू येई. आजोळ उदगीरकडचं, म्हणून कानडीही. रविवारी पिशवीत ब्रश, पाण्याची बाटली आणि ज्वारीचं पीठ घेऊन ते एस.टी. पकडत आणि कुठल्यातरी गावच्या स्मशानाशी उतरत. अप्पा लिंगायत, त्यांच्यात मयताला पुरतात, वर दगड बसवतात. कब्रस्तान लागलं तर तेही ते सोडत नसत. झिजलेल्या अक्षरांवर पीठ चोळलं की खाचा पांढऱ्या उठत. अप्पा नाव वहीत उतरवून घेत आणि नंतर त्या खानदानाला गाठून, कुणी न विचारता, वंशावळ ऐकवत. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला आपल्या पणज्याला फार सोवळा समजे. अप्पांनी भर गिऱ्हाइकांत त्याला सांगितलं, की पणज्याच्या शेजारी एक नाही, तीन बायकांचे दगड आहेत. त्या दिवसापासून अप्पांचा चहा बंद झाला. गल्लीत मन्मथप्पांना मसणाप्पाच म्हणत.

मी लातुरात आलो त्या साली पाऊस आला नाही. औशाकडच्या एका गावात अप्पा दगडाला पीठ लावताना एका म्हातारीनं पाहिलं.

"इथं लेकराच्या ताटात न्हाई, अन् तुम्ही मढ्याला पीठ चारायलाव का?"

पिशवीतलं उरलेलं पीठ अप्पांनी तिच्या पदरात ओतलं आणि पुढच्या रविवारपासून गोवऱ्यांची राख न्यायला लागले.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा लोकांनी गुलाल उधळला. अप्पा तेवढे चिडले. त्यांच्या अकरा वह्यांत बहुतेक नावांपुढे जिल्हा उस्मानाबाद असं लिहिलेलं होतं. "मेलेल्या मान्सांची बदली करायलेत हे," असं पुटपुटत ते महिनाभर खाडाखोड करत बसले.

एका रविवारी ते मला देगलूरला घेऊन गेले. वाटेत त्यांनी पुन्हा माझ्या आज्याचा विषय काढला. आम्ही बौद्ध. आज्याला गावाबाहेर पुरलं, पण दगड बसवण्याइतकी ऐपत नव्हती आणि कुणी बसवूही दिला नसता. एका बाभळीच्या खुणेवर आजीला ती जागा माहीत आहे. हे सांगायला मला संकोच वाटत होता. अप्पांनी हलत्या गाडीत वही उघडली, बाभळीच्या कुठल्या बाजूला ते विचारलं, आणि आज्याचं नाव लिहून घेतलं.

देगलूरच्या स्मशानात त्यांनी एक दगड सोडला नाही. सावली कुठंच नव्हती. शेवटचा दगड वाचून ते उठले तेव्हा चेहरा असा खुललेला, की मला वाटलं मोठं घबाड सापडलं. स्टँडवर त्यांनी मला दोन प्लेट भजी खाऊ घातली. काय सापडलं, असं मी विचारलं.

"काय न्हाई सापडलं. म्हनून तर भजी."

मग त्यांनी सांगितलं. रझाकारीच्या काळात त्यांचा थोरला भाऊ शिवलिंग रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कँपात गेला. अप्पा तेव्हा आजोळी होते. मागं गावातलं घर जळालं, आईबाप त्यातच गेले. दादा परत आला नाही. तेव्हापासून अप्पा वंशावळीच्या नावाखाली गावोगावचे दगड वाचत होते.

"हितं बी दादाचा दगड न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे आसंल की कुठंतरी."

मी पुढचं भजं उचललं नाही.

पाडव्यानंतर एक पत्र आलं. ते अप्पांच्या नावचं नव्हतंच. अप्पांच्या गावच्या पाटलांच्या नावे, जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर लिहिलेलं. बरंच फिरून गावात पोचलं आणि पाटलांनी ते लातूरला पाठवलं. अप्पांनी उभ्यानं वाचलं, माझ्या हातात दिलं आणि उंबऱ्यावर बसले.

किनवटच्या एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं: माझे वडील शिवलिंगप्पा संक्रांतीत वारले. कँपातून ते एकदा गावी गेले होते, पण घराची राख पाहून आणि कुणीच उरलं नाही असं ऐकून तिथूनच मागं फिरले. भाऊबंदांपैकी कुणी असेल असं वाटत नाही, तरी कळवणं कर्तव्य म्हणून कळवतो. घरातल्यांपैकी वडील एकाचीच आठवण काढत, त्यांच्या धाकट्या भावाची. तो आईबापांबरोबर जळून गेला असं ते समजत होते, म्हणून त्याचं नाव त्यांनी मला ठेवलं.

खाली सही होती: मन्मथ.