बोगद्याच्या तोंडाशी

नाथू मोरे सकाळपासून धास्तावला होता. लेक रंजिताला बघायला बोगद्यापलीकडून पाहुणे येणार होते. मागचं स्थळ वाडीचा रस्ता न सापडल्यानं वैतागून माघारी गेलं होतं. म्हणून या खेपेला, हे स्थळ आणणाऱ्या मंगेशला म्हणजे भाच्याला रिक्षासकट घेऊन, नाथू दहापासूनच पोलादपूरच्या बाजूला बोगद्याच्या तोंडाशी उभा होता.

साडेदहाला मुलाचे वडील रावजी यांचा फोन आला. "आम्ही बोगद्याच्या तोंडाशी हाव."

"मी पन तिथंच हाय!"

"मग दिसत नाय ते?"

मंगेशनं कपाळावर हात मारला. "मामा, ते पल्याडच्या तोंडाशी हायेत!"

"हलू नका, आलोच!" नाथू ओरडला आणि रिक्षा आत घुसली. आत रेंज नाही. बाहेर पडून बघतात तर काळं कुत्रं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"तुमचा आवाज तुटला, म्हणून आम्हीच अल्याड आलो. बोगद्याच्या तोंडाशी हाव."

जायचा बोगदा वेगळा, यायचा वेगळा. होणारे व्याही डोंगराच्या पोटात एकमेकांना ओलांडून गेले होते.

"आता तरी थांबा!"

"ऱ्हाऊ द्या. आम्ही गाडी वळवतो..." फोन कटला. पुन्हा लागेना.

नाथूनं मंगेशचा खांदा धरला. "वळवली रे! हेही गेलं! चल त्यांच्या घरी, पाय धरतो त्यांचे."

घर घाटाखालीच होतं. दारात मुलाची आजी चंद्रभागा बसली होती. "रावजी आले का?" नाथूनं धापा टाकत विचारलं.

"तो तुमच्याकडंच गेलाय. रंजिताचा बाप ना तू? बस."

नाथू खुर्चीच्या टोकावर टेकला. समोर चहा-घावणे आले.

"शेती किती?"

"दीड एकर."

"दारूबिरू?"

"नाय नाय!"

"मान वर करून बोल."

तेवढ्यात बायकोचा, साळूबाईचा फोन आला. आवाज खोलीभर घुमला. "अवो, कुठं हाव? पाव्हणे कवाचे आलेत! वाडीच्या फाट्याला त्यांनी गाडी वळवली, रंजीनंच पुढं जाऊन आणलं त्यांना. पोरगी पसंत हाय. पन म्हातारीला विचारल्याबिगर होकार देत नायत."

चंद्रभागेनं नाथूच्या हातातला फोन घेतला. "रावजीला दे गो." मग नाथूला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळून ती म्हणाली, "रावज्या, बाप बघितला मी. जरा घाबरट हाय, पन चालंल."