समोरच्यांची बेल

जिन्यातलं वायरिंग नवीन झालं आणि त्या दिवसापासून समोरच्यांची बेल टायपिस्टकाकांच्या घरात वाजू लागली. बटण समोरच्या दाराला, आवाज काकांच्या डोक्यावर. दूधवाला, इस्त्रीवाला, सुनेच्या मैत्रिणी, आजोबांचे पत्त्यातले भिडू. कुणीही समोरचं बटण दाबलं की काका उठून दार उघडायचे. दिवसातून बारा वेळा. आलेला माणूस पाठमोरा उभा असे, वळून बघे आणि म्हणे, "तुमच्याकडे नाही हो."

काकांकडे कुणी येतच नसे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी लांब होती. त्यांच्या दाराचं बटण दाबलं तर बेल कुठे वाजते, हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी दाबलंच नव्हतं.

समोरच्या सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आम्हाला काहीच त्रास नाही काका. तुम्ही हाक मारताच की."

वायरमनने सेक्रेटरीकडे बोट दाखवलं. सेक्रेटरीचं म्हणणं, बटण बाहेर आहे ते सोसायटीचं, पण आवाज घरात होतो, तो खाजगी. कमिटी त्यात पडत नाही. नगरपालिकेत सांगितलं, आवाजाचं खातं वेगळं आणि तिथला साहेब रजेवर. पोलीस चौकीत विचारलं, कुणी मारलं का? नाही ना? मग मारलं की या. माणूस मेल्याशिवाय त्याची तक्रार कुणाच्या हद्दीत बसत नाही, आणि मेला की हद्दीवरून भांडणं लागतात. ह्या लोकांना खुर्च्या दिल्या कुणी?

काकांनी तीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिंग केलं होतं. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, हे वाक्य त्यांच्या बोटांना पाठ होतं. त्यांनी मशीनवरचं फडकं काढलं आणि अकरा पानं बडवली. प्रतिवादी क्रमांक एक, वायरमन. दोन, सेक्रेटरी. सातव्या पानावर मुद्दा होता: 'अर्जदारास दिवसातून बारा वेळा आशा लावून निराश केले जाते, सबब त्याचा सन्मानाने जगण्याचा हक्क भंग पावतो.'

सव्वा महिन्याने भर दुपारी पोस्टमन रजिस्टर्ड पत्र घेऊन आला. त्याने नाव वाचून बरोबर काकांचं बटण दाबलं. वाजली समोर. सून बाहेर आली तर पोस्टमनच्या हातात लांबलचक पाकीट, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का. तिचा चेहराच उतरला. काकांचं दार ठोठावून ती म्हणाली, "काका, तुमच्याकडे आलंय कुणीतरी."

काका सही करेपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली. सेक्रेटरी बनियनवरच धापा टाकत वर आला.

"काका, बेलची गोष्ट एवढ्या वर न्यायची? आम्ही मेलो होतो का?"

"सहा वेळा आलो होतो तुझ्याकडे."

"अहो, मग सातव्यांदा यायचं."

पाकीट अजून फुटलंही नव्हतं आणि वायरमन शिडीवर चढला होता. दोन वायरींची अदलाबदल. दहा मिनिटांचं काम.

सगळे गेल्यावर काकांनी पाकीट फोडलं. चार ओळी होत्या. प्रस्तुत विषय या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येत नाही. अर्जदाराने योग्य त्या ठिकाणी दाद मागावी. ज्यांचा अधिकार नव्हता त्यांच्या नुसत्या पाकिटाने काम झालं होतं, आणि ज्यांचा होता ते चार महिने ढिम्म बसले होते. काकांनी कागद घडी करून ठेवला. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने समोरचं बटण दाबलं, समोरचं दार उघडलं. काकांच्या घरात घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. दुपारपर्यंत ते उगाचच तीनदा दाराशी जाऊन आले. चौथ्या दिवशी बेल बिघडली असेल म्हणून बाहेर येऊन त्यांनी स्वतःच आपलं बटण दाबलं. आत खणखणीत वाजली. काका थोडा वेळ तिथेच उभे राहिले. दार कुणी उघडलं नाही.

मग आत जाऊन त्यांनी मशीनवरचं फडकं पुन्हा काढलं. पुनर्विचार अर्ज. विनंती एकच: वायरी पूर्ववत कराव्यात.

ह्यालाही त्याच चार ओळी येणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्या रजिस्टर्ड पोस्टाने येतात, आणि रजिस्टर्डला सही लागते. म्हणजे पोस्टमनला बेल दाबावीच लागणार.

काकांनी खाली आपला पत्ता टाइप केला आणि मजल्याचा नंबर दोनदा तपासला.