चार सारखे गोळे

सहा वर्षं शाळेत तात्पुरत्या म्हणून राबलेल्या बाईंच्या नोकरीचा निकाल त्या दिवशी मातीच्या चार गोळ्यांवर लागणार होता. तपासणीला साहेब येणार, पाठ बघणार आणि बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार.

पाठ होता स्त्रीच्या शरीरात अंडपेशी कशी तयार होते याचा. मूळ पेशीची दोनदा वाटणी होते, पण सगळा ऐवज एकीच्याच पदरात पडतो. बाकीच्या तिघी नावापुरत्या. म्हणून बाईंनी आदल्या संध्याकाळी एक गलेलठ्ठ आणि तीन वाटाण्याएवढे गोळे करून बुटांच्या खोक्यात ओल्या फडक्याखाली ठेवले होते.

सकाळी खोकं सासूबाईंच्या नजरेस पडलं. सासूबाईंनी चार पोरं वाढवलेली. फळ कापलं तरी चारी फोडी एकमेकींना लावून बघायच्या. वाटणीत डावं-उजवं दिसलं की त्यांचं डोकंच फिरायचं.

"एवढी शिकलेली बाई, आणि वाटणी ही अशी!" असं म्हणत त्यांनी चारी गोळे मोडले, माती पुन्हा मळली आणि चार अगदी सारखे गोळे वळून वर फडकं घातलं. सुनेचं एक काम निस्तरल्याच्या समाधानात त्या आंघोळीला गेल्या.

वर्गात बाईंनी फडकं उचललं, तर खाली चार अगदी सारखे गोळे.

मागच्या बाकावर साहेबांनी चष्मा सावरला. "बाई, चार सारखे? हा तर पुरुषांचा भाग झाला. शुक्रपेशी अशा होतात."

पहिल्या बाकावरची एक मुलगी फिसकन हसली. पण सहा वर्षं टांगणीवर काढलेल्या माणसाची जीभ वेळेला धावून येते.

"बरोबर, साहेब. आधी पुरुषांचंच दाखवते. चौघं सारखे, चौघांनाही पळायचंय, ओझं नको. आता बाईचं बघा." त्यांनी तीन गोळ्यांची माती तोडून तोडून चौथ्यावर थापली.

"बाई, हा अन्याय नाही का?" फिसकन हसलेलीच ओरडली.

"आहे की. पण गर्भ राहिला तर त्याची पहिल्या दिवसांची शिदोरी हीच. चौघींत वाटली तर कुणालाच पुरायची नाही."

"मग त्या तिघी?"

"विरून जातात."

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी शेरा लिहिला, 'तुलना करून शिकवण्याची हातोटी उत्तम. कायम करावे.'

नोकरी पक्की झाली म्हणून राग थोडाच जातो? संध्याकाळी बाई घरात शिरल्या त्या भांडायच्या तयारीनंच. "आई, खोक्याला हात कशाला लावलात? नोकरी जात होती माझी!" आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. ती एक, त्या तिघी, ती शिदोरी, ते विरणं.

एरवी एका वाक्याला दोन परत करणाऱ्या सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"आम्ही तिघी बहिणी," त्या म्हणाल्या, "आणि एक भाऊ. दूध त्याला, पुस्तकं त्याला, शाळा त्याला. कुणालाच पुरायचं नाही, असंच आमची आईही म्हणायची."

सून त्यांच्याजवळ जाऊन बसली. राग कुठल्या कुठे गेला होता.

"भाऊ मोठा माणूस झाला. चांगलं झालं." सासूबाई उठल्या. "पण उद्या त्या पोरींना एवढं सांग. आम्ही तिघी काही विरलो नाही."