चनबसप्पांच्या गच्चीवरची फुलं

शुक्रवार पेठेत त्या दिवशी नळाला पाणी येऊन गेलं आणि महेश्वरीबाईंनी नवऱ्याला गच्चीवर गाठलं.

"अहो, माणसांना पाणी पुरंना आन् तुमी कुंड्या पाळायलाव! बसवजयंतीपतोर एक तरी फूल दिसलं पायजे. न्हाईतर ह्या कुंड्या जातील आन् हितं दुसरी टाकी बसंल."

चनबसप्पांनी हातातली कुंडी मागे ओढली. भुसार दुकान मुलाच्या हाती सोपवल्यापासून जास्वंद, गुलाब आणि तगर हेच त्यांचं राज्य होतं. पाहुण्यांना ते चहाच्या आधी गच्ची दाखवत. पण या उन्हाळ्यात काहीतरी बिनसलं होतं. संध्याकाळी टपोऱ्या दिसणाऱ्या कळ्या सकाळी ते पूजा आटोपून वर जाईपर्यंत गायब! पाणी कमी पडलं की कळी गळते आणि वाऱ्याने उडून जाते, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. तो त्यांनी बायकोला इतक्यांदा ऐकवला होता की आता मागे घ्यायची सोय उरली नव्हती.

त्यांनी तडक कृषी सेवा केंद्र गाठलं. दुकानदाराने एक काळीकुट्ट बाटली पुढे केली.

"काका, बायोस्टिम्युलंट हाय. समुद्री शेवाळाचा अर्क. हे खत न्हवं, पाण्याच्या जागी बी चालत न्हाई. पण झाड उन्हाचा ताण सोसतंय. बादलीला एक टोपण, जास्त न्हाई."

चनबसप्पांनी संध्याकाळी एक टोपण टाकून फवारलं. कळ्या गेल्याच. मग दोन टोपणं झाली. मग टोपण बाजूला राहिलं आणि बाटलीच कलती झाली. कळ्या जातच होत्या, आणि गल्लीत मात्र वास सुटला. सोलापुरात समुद्र कुठला असायला? तो वास फक्त मांजरांना पटला. ती भिंतीवर रांगेने येऊन बसू लागली.

बसवजयंतीच्या सकाळीच शेजारच्या कमलम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. सोवळ्याओवळ्यात त्यांचा शब्द पेठेत शेवटचा.

"शिवा शिवा! चनबसप्पा, आज तरी लाज बाळगायची! मासळी शिजवायलाव काय?"

"मासळी?" चनबसप्पा ओरडलेच. "कमलम्मा, केकात अंडं असतंय म्हणून नातवाचा वाढदिवस शिऱ्यावर केला आमी!"

तोवर आठ-दहा शेजारी जमले होते. महेश्वरीबाईंनी तावातावाने सगळ्यांना स्वयंपाकघर दाखवलं. तिथे शेंगदाण्याच्या चटणीखेरीज कसलाही वास नव्हता.

"मग माझ्या देवघरात कुठनं येतोय? जप सुदिक होईना!" कमलम्मा म्हणाल्या.

"चला, तितंच बघू," म्हणत महेश्वरीबाई निघाल्या आणि वरात शेजारच्या घरात शिरली. देवघर जवळ येऊ लागलं तसे पदर नाकाला लागले. चनबसप्पा वाकले. पूजेत तगरीची रास होती, गुलाब होते, आणि काठाला गुलाबी झाक असलेली जास्वंद होती. ती जास्वंद पेठेत एकाच गच्चीवर होती. वास तिचाच होता.

कमलम्मांनी पदर सावरला. "गच्च्या लागूनच हायत की. आन् देवासाठी पहाटं तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत न्हाईत."

आता भडका उडणार म्हणून शेजारी सरसावले. चनबसप्पांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"रोज फुलायची?" त्यांनी विचारलं.

"व्हय की."

"असल्या उन्हात?"

"आता तर परडी पुरंना."

चनबसप्पांचे डोळे भरून आले. छाती पुढे काढून ते बायकोकडे वळले. "ऐकलंस? एक कळी गळाली न्हाई! सोलापूरच्या उन्हाळ्यात, एवढ्याशा पाण्यावर, परडी पुरंना!"

"पण आपल्या गच्चीवर कुटं दिसलं फूल? टाकी बसणार म्हंजे बसणार."

"टाकी माझ्या गच्चीवर बसवा," कमलम्मा घाईघाईने म्हणाल्या. "झाडाला हात लावू नका. फकस्त ते औषध बेतानं टाका, चनबसप्पा. देवाला बी नाक हाय."

चनबसप्पांना तेवढं ऐकायला वेळ नव्हता. ते साऱ्या शेजाऱ्यांना घेऊन आपल्या गच्चीवर पोचलेसुद्धा होते. तिथे औषधालाही फूल उरलं नव्हतं. पण ते कुंडीकुंडीपाशी थांबून एकेक रिकामा देठ बोटाने दाखवत होते आणि अभिमानाने सांगत होते, "हितं गुलाब होता बघा. आन् हितं, हितं तर जोडीनं होती!"